नमाज, रोजा, जकात, हज : चूक झाली तर भरपाई कशी?

उंबरठा

इस्लामचे पाच अर्कान, म्हणजे आधारस्तंभ, कुठल्याही परिचयपुस्तिकेत पाच ओळींत उरकतात. कलमा (श्रद्धेची ग्वाही), पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात (सक्तीचं दान) आणि ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज. इथवर बहुतेकांना माहीत असतं. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. करताना चुकलं तर काय? नमाजेत ही तिसरी रकात (नमाजेचं एक आवर्तन) की चौथी हे आठवेना, रोज्यात विसरून पाणी प्यायलं, जकातीचा हिशेब दोन वर्षं चुकत राहिला, हजमध्ये तवाफाचे, म्हणजे काब्याभोवतीचे, फेरे सातऐवजी सहाच झाले. प्रत्येक इबादतीत (उपासनेत) दुरुस्तीची सोय आहे, पण ती एकसारखी दिसत नाही. कुठे दोन सजद्यांत (जमिनीला कपाळ टेकण्यात) भागतं, कुठे साठ रोजे, कुठे थेट बकरा. यामागे काही सूत्र आहे का?

आणि माझं मत विचाराल तर, नियत साफ असेल तर एवढी मोजदाद कशाला? जाणकारांनी तपशिलात लिहावं. 'आलिमला विचारा' एवढंच उत्तर नको.

रिकामटेकडा

वाचायला बसलो आहे. हा धागा शंभरी गाठणार.

किताबी

नियतीपासूनच, म्हणजे हेतूपासूनच, सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच आहे. 'कर्मं नियतीवर अवलंबून' ही बुखारीच्या संग्रहातली पहिलीच हदीस (पैगंबरांचं वचन). पण फिकहमध्ये (इस्लामी कायदेशास्त्रात) नियतीचं काम ठरलेलं आहे: कृतीला नाव देणं. फजरच्या (पहाटेच्या नमाजेच्या) दोन रकात सुन्नत आणि दोन रकात फर्ज हालचालीत हुबेहूब सारख्या असतात. कोणती कोणती, हे फक्त नियत ठरवते. ती रुकूच्या (कमरेतून वाकण्याच्या) जागी उभी राहू शकत नाही. रुकू राहिला तर राहिला.

आता सूत्र. सुन्नींचे चार मजहब (कायदेपंथ) आहेत: हनफी, शाफई, मालिकी, हंबली. हनफी मांडणीत पायऱ्या आहेत: फर्ज (अनिवार्य), वाजिब (त्याखालोखाल आवश्यक), सुन्नत (पैगंबरांचा परिपाठ), मुस्तहब (केलं तर चांगलं). फर्ज राहिलं तर इबादतच झाली नाही. वाजिब राहिलं तर इबादत झाली पण खोट राहिली, आणि भरपाई जवळजवळ नेहमी या पायरीची असते. सुन्नत राहिली तर सवाब (पुण्य) कमी, भरपाई काही नाही. शाफई मजहबात फर्ज आणि वाजिब एकच; ही मधली पायरी त्यांच्याकडे फक्त हजमध्ये सापडते. त्यामुळे तीच चूक दोन मजहबांत दोन खात्यांत जाते. सूरे फातिहा (कुरआनाचा पहिला अध्याय) म्हणायची विसरली, तर हनफींकडे ते वाजिब, शेवटी सजदा-ए-सहव केला की झालं. शाफईंकडे ती रुक्न (मूळ घटक), म्हणजे ती रकातच मोजायची नाही.

निळी शाई

किताबी यांनी पाया घातला, मी सजदा-ए-सहव लिहिते. 'भुलीचे दोन सजदे' एवढंच सांगितलं की लोक ते कधी करायचे यातच चुकतात.

हनफी पद्धत: शेवटच्या बैठकीत अत्तहियात (बसून म्हणायची प्रार्थना) संपली की फक्त उजवीकडे मान वळवून एक सलाम. मग दोन सजदे. पुन्हा बसून अत्तहियात, दरूद (पैगंबरांसाठी प्रार्थना), दुआ, आणि मग नेहमीसारखे दोन्हीकडे सलाम. शाफई पद्धतीत सगळं वाचून झाल्यावर, सलामच्या आधी दोन सजदे आणि मग सलाम. मालिकींचा नियम मला सगळ्यांत सुबक वाटतो: काही राहून गेलं असेल तर सलामआधी, काही जास्त झालं असेल तर सलामनंतर.

नेहमीची चूक म्हणजे चार रकातींत दुसऱ्या रकातीनंतरची बैठक विसरून उठणं. अजून बसण्याच्या जवळ असाल तर बसा. पाय सरळ होऊन उभे राहिला असाल तर परत बसू नका, पुढे चला, शेवटी सहव करा. उभं राहून पुन्हा खाली बसणं ही दुसरी चूक होते.

याहून अवघड प्रकार पाचव्या रकातीचा. चौथीनंतर न बसता उठलात आणि पाचवीचा सजदा अजून केला नाही, तर लगेच परत बसा, सहव करा, नमाज झाली. पण पाचवीचा सजदा झाला असेल तर हनफी मतानुसार तुमची फर्ज नमाज नफल (ऐच्छिक) झाली. सहावी जोडून सहा करा आणि फर्ज पुन्हा पढा. चौथीनंतर बसून मग चुकून उठला असाल तर मात्र फर्ज सुरक्षित आहे, सहावी जोडली की वरच्या दोन नफल. सगळा फरक त्या एका बैठकीचा, कारण शेवटची बैठक फर्ज आहे आणि पहिली वाजिब.

हे सगळं विसरून झालं तर. मुद्दाम वाजिब सोडलं तर दोन सजद्यांनी भागत नाही, नमाज पुन्हा पढायची.

पाचवा पांडव

पाचवी रकात वाचून दचकलो. :)

जमातीत (सामूहिक नमाजेत) इमामच पाचवीला उठला तर मागच्यांनी काय करायचं?

निळी शाई

पुरुषांनी 'सुब्हानल्लाह' म्हणायचं, बायकांनी एका हाताच्या पाठीवर दुसरा हात मारून आवाज करायचा. इमामाच्या चुकीचा सहव मागच्या सगळ्यांना करावा लागतो. उलट मागच्याची स्वतःची चूक इमामाच्या मागे असेपर्यंत माफ, त्याने वेगळे सजदे करायचे नाहीत.

उंबरठा

आणि मूळ शंका? तीन की चार?

किताबी

हनफी: आयुष्यात अशी शंका क्वचितच येत असेल तर सलाम फेरून नव्याने पढा. नेहमी येत असेल तर मन ज्या आकड्याकडे झुकतं तो धरा. मन कुठेच झुकत नसेल तर कमी आकडा धरा, म्हणजे तीन. पण जी रकात चौथी असू शकते तिच्यानंतरही बसा, कारण ती खरंच चौथी असेल तर बैठक फर्ज होती. शेवटी सहव. शाफई सरळ सांगतात: कमी आकडा धरा, एक रकात पढा, सहव करा. खात्री तेवढ्याचीच, बाकी शंका.

फुरात

इथे जाफरी म्हणजे शिया फिकह नेमकं उलट जातं. तीन की चार अशी शंका आली, थोडा विचार करूनही सुटली नाही, तर जास्त आकडा धरायचा. ही चौथीच समजून नमाज संपवायची आणि सलामनंतर लगेच, कोणाशी न बोलता, एक रकात उभ्याने किंवा दोन बसून 'नमाज-ए-एहतियात' पढायची. खरंच तीन झाल्या असतील तर ती एक रकात भर घालते. चार झाल्या असतील तर ती नफल ठरते. दोन्ही बाजूंनी हिशेब जुळतो. ही सोय चार रकातींच्या नमाजेलाच आहे. फजर किंवा मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या तीन रकातींच्या नमाजेच्या) रकातींत शंका राहिली तर नमाज बातिल (रद्द).

आणखी एक, जकातीवर चर्चा येईल तेव्हा आमच्याकडचा खुम्स विसरू नका. वर्षाच्या खर्चानंतर उरलेल्या बचतीचा पाचवा हिस्सा. जाफरी मतात जकात नऊच गोष्टींवर आहे: सोनं-चांदीची नाणी, गहू, जव, खजूर, मनुका, उंट, गाय-बैल, मेंढ्या-बकऱ्या. नोटांच्या रूपातली बचत खुम्समध्ये जाते.

रिकामटेकडा

एक कमी धरून पुढे जातो, दुसरा जास्त धरून मागे येतो. दोघंही मुक्कामाला पोचतात.

चंद्रकोर

नमाजेच्या आधीचं राहिलं. वजू (नमाजेआधी हात, तोंड, पाय धुणं) बिघडला असेल तर पुढच्या सहवाचा काय उपयोग? हनफी चार फर्ज: चेहरा धुणं, कोपरांसकट हात धुणं, डोक्याच्या चौथाई भागावर ओला हात फिरवणं, घोट्यांसकट पाय धुणं. हे सूरे मायदाच्या सहाव्या आयतीत आहे. शाफई यात नियत आणि क्रम जोडून सहा करतात. मालिकी सगळ्या डोक्यावर हात फिरवायला आणि अवयव चोळायला सांगतात. तीनदा धुणं सुन्नत आहे, फर्ज एकदाच. त्यामुळे पाणी कमी असेल तर एकेकदा धुऊन वजू पूर्ण होतो.

कोरडी राहणारी जागा बहुतेक वेळा टाच असते. टाचांबद्दल हदीसमध्ये वेगळी ताकीद आहे. त्यानंतर अंगठीखालची कातडी, पायाच्या करंगळीची बेचकी आणि कोपराचं टोक. नेलपॉलिशखाली पाणी पोचत नाही म्हणून वजू होत नाही. मेंदी चालते, तिचा नुसता रंग असतो, थर नसतो. कोरडी जागा लगेच दिसली तर हनफी मतात तेवढीच धुवा, पुन्हा सगळा वजू नको. शाफईंना क्रम सांभाळायचा असल्याने त्या अवयवापासून पुढचे अवयव पुन्हा धुवावे लागतात.

पाचवा पांडव

उशिरा पोचणाऱ्याचं काय? रुकू सापडला तर रकात सापडली, एवढं माहीत आहे.

निळी शाई

बरोबर. इमाम रुकूत असताना तुम्ही रुकूत पोचलात तर रकात मिळाली. पण धावत येऊन अर्धवट वाकत 'अल्लाहु अकबर' म्हटलं तर गडबड. पहिली तकबीर उभं राहून म्हणायची, मग वाकायचं.

मगरिबचं उदाहरण घ्या. तिसऱ्या रकातीत सामील झालात. इमामाबरोबर शेवटच्या बैठकीत बसलात. इमामाने सलाम फेरला, तुम्ही फेरायचा नाही, उठायचं. एक रकात फातिहा आणि सूरेसह, मग बसायचं. का? कारण ही तुमची दुसरी रकात. मग उठून तिसरी, हीसुद्धा फातिहा आणि सूरेसह, आणि शेवटची बैठक. तीन रकातींत तीन बैठका. मधली बहुतेकजण विसरतात, कारण इमामाबरोबरची बैठक त्यांनी मनात मोजलेली असते. आणि इमाम सहव करणार असेल तर त्याच्या एका सलामात सामील व्हायचं नाही, सजद्यांत मात्र व्हायचं.

गणितमास्तर

अवांतर करतो, पण वेळ आणि दिशा हेही नमाजेच्या अटींतच येतं.

असर (दुपारनंतरची नमाज) कधी सुरू होते यात दोन मतं आहेत. मध्यान्हीची मूळ सावली वजा केल्यावर वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की शाफई, मालिकी, हंबली असर. दुप्पट झाली की हनफी असर. नमाजेच्या वेळांच्या एकाच तक्त्यात असरच्या दोन वेळा दिसतात त्या यामुळे, छपाईची चूक नाही.

आता इशा (रात्रीची नमाज). बऱ्याच तक्त्यांत सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावर इशा धरतात. अक्षांश ४८.५ च्या पलीकडे २१ जूनच्या आसपास सूर्य मध्यरात्रीही १८ अंश खाली जात नाही. ९० वजा ४८.५ वजा २३.५, गणित सोपं आहे. मग तिथे रात्रीचा मध्य, रात्रीचा सातवा हिस्सा किंवा जवळच्या अक्षांशाची वेळ, यातला एखादा तोडगा काढतात.

किबल्यासाठी, म्हणजे काब्याच्या दिशेसाठी, फुकटचं होकायंत्र: काबा २१.४ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर त्याच्या डोक्यावर येतो. २७-२८ मे ला मक्केच्या घड्याळात १२:१८ आणि १५-१६ जुलैला १२:२७. त्या क्षणी जिथे सूर्य दिसतो तिथे सूर्याकडे तोंड म्हणजे किबल्याकडे तोंड. काठी उभी करा, सावलीची उलटी दिशा किबला. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ फसतं, काठी फसत नाही.

किताबी

मास्तर, दंडवत. थोडाफार फरक पडला तर घाबरायचं कारण नाही, हेही सांगा. काबा नजरेसमोर नसेल तर हनफी मतात दिशा पुरते. काब्याच्या रेषेपासून ४५ अंशांच्या आत तोंड असलं तर नमाज होते. नीट चौकशी करून पढली आणि नंतर कळलं की दिशा चुकली होती, तरी हनफींकडे नमाज पुन्हा नाही. चौकशी न करता अंदाजाने पढली आणि चुकली, तर पुन्हा.

हिशेबनीस

जकातीवर येतो. इथे चुका सजद्याने भरत नाहीत, पैशानेच भरतात.

निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) जुन्या वजनांत: सोनं २० मिस्काल, चांदी २०० दिरहम. साडेसात तोळे आणि साडेबावन्न तोळे. पहिली चूक इथेच. हा तोळा ११.६६४ ग्रॅमचा आहे, आजचा दहा ग्रॅमचा नाही. म्हणून सोनं ८७.४८ ग्रॅम आणि चांदी ६१२.३६ ग्रॅम. काही ठिकाणी ८५ आणि ५९५ ग्रॅम दिसेल, ते मिस्काल-दिरहमचं वजन वेगळं धरल्यामुळे.

दुसरी चूक: 'माझ्याकडे साडेसात तोळे सोनं नाही, म्हणून जकात नाही.' हे फक्त सोनं आणि सोनंच असेल तर. हनफी मतात सोनं, चांदी, रोकड, विक्रीचा माल यांची किंमत एकत्र करतात आणि ती चांदीच्या निसाबाला पोचली की माणूस साहिबे निसाब (ज्याला जकात लागू होते असा). दोन तोळे सोनं आणि घरात थोडी रोकड, एवढ्यावर आज जकात लागते, कारण ६१२ ग्रॅम चांदीची किंमत त्यापेक्षा खूप खाली आहे. दर चाळीसावा हिस्सा, अडीच टक्के. घर, वापरातली गाडी, भांडी, कामाची हत्यारं यावर नाही. देणं असेल ते आधी वजा.

दागिन्यांवर मतभेद आहे. हनफींकडे वापरातल्या सोन्याचांदीच्या दागिन्यांवरही जकात. शाफई, मालिकी, हंबली यांच्याकडे नेहमीच्या रीतसर वापरातल्या दागिन्यांवर नाही, साठवून ठेवलेल्यावर आहे.

तिसरी चूक तारखेची. रमजान हा जकातीचा महिना नाही. ज्या चांद्र तारखेला तुम्ही साहिबे निसाब झालात, ती तुमची तारीख. मध्ये रक्कम खाली गेली तरी हनफी मतात चालतं, पूर्ण शून्य झाली नाही तर. सुरुवातीला आणि शेवटी निसाब पाहिजे. वर्षाच्या मध्ये आलेल्या पैशाला वेगळं वर्ष लावत बसू नका, शेवटच्या दिवशी हातात जे आहे त्यावर.

चौथी: उधार दिलेले पैसे माफ करून 'ही माझी जकात' म्हणणं. चालत नाही. जकातीत 'तमलीक' लागते, म्हणजे घेणाऱ्याच्या मालकीत पैसा गेला पाहिजे. गरीब कर्जदाराच्या हातात जकातीचे पैसे द्या, मग तुमचं कर्ज मागा. याच कारणाने हनफी मतात जकातीतून मशिदीचं बांधकाम होत नाही, इमारत मालक होऊ शकत नाही.

गणितमास्तर

हिशेबनीसांच्या तारखेच्या मुद्द्याला जोडून. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. दरवर्षी १ जानेवारीला जकात काढणारा माणूस ३३ सौर वर्षांत ३४ चांद्र वर्षं जगतो, म्हणजे एका वर्षाची जकात सरळ गायब. सौर तारीखच सोयीची असेल तर दर २.५७७ टक्के घ्या, फरक भरून निघतो.

२२ कॅरेट सोन्यात शुद्ध सोनं २४ त २२ भाग. म्हणून निसाब ९५.४३ ग्रॅमचा, बरोबर?

हिशेबनीस

शाफई मतात बरोबर, तिथे शुद्ध सोनंच मोजतात. हनफींकडे नाही. धातूत सोनं निम्म्याहून जास्त असेल तर सगळा तुकडा सोनंच समजतात, म्हणजे २२ कॅरेटचे ८७.४८ ग्रॅमही निसाब. द्यायची रक्कम मात्र त्या दागिन्याच्या आजच्या खऱ्या किमतीवर काढा, खरेदीच्या किमतीवर नाही आणि घडणावळ धरून नाही.

उंबरठा

आणि चुकीच्या माणसाला दिली गेली तर? गरीब समजून दिली, तो निघाला सुखवस्तू.

हिशेबनीस

चौकशी करून दिली असेल तर इमाम अबू हनीफा आणि इमाम मुहम्मद यांच्या मते अदा झाली. इमाम अबू यूसुफ म्हणतात, पुन्हा द्या. चौकशी केलीच नाही आणि तो सुखवस्तू निघाला, तर पुन्हा द्यावी लागते. आठ हकदार सूरे तौबाच्या साठाव्या आयतीत आहेत. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं यांना नाही. भाऊ, बहीण, काका, मावशी गरजू असतील तर चालतं, उलट बरं. आणि घेणाऱ्याला 'ही जकात आहे' असं सांगायची गरज नाही. भेट म्हणून द्या, नियत मनात पुरे.

पाचवा पांडव

बघा उंबरठा, इथे तुमची नियत कामाला आली.

चंद्रकोर

रोज्याचं मी लिहिते. मोडण्याचे दोन वर्ग आहेत आणि लोक सगळ्याला एकाच तराजूत घालतात.

विसरून खाल्लं-प्यायलं: रोजा शाबूत, हदीस स्पष्ट आहे. मालिकी मात्र रमजानच्या रोज्याची कजा (नंतर भरून काढणं) सांगतात. आठवलं की घास थुंका. आठवल्यावर गिळला तर तो मुद्दाम झाला.

चुकून: कुल्ला करताना पाणी घशात गेलं, ढगांमुळे सूर्य मावळला समजून इफ्तार केली, सहरीची (पहाटेच्या जेवणाची) वेळ संपल्यावर वेळ आहे समजून खाल्लं. या सगळ्यांत हनफी मतात एका रोज्याला एक कजा. 'विसरणं' आणि 'चुकणं' यात हा फरक आहे: विसरणाऱ्याला रोजा आहे हेच आठवत नाही, चुकणाऱ्याला आठवतं.

मुद्दाम: हनफी आणि मालिकींकडे जाणूनबुजून खाणं-पिणं किंवा संभोग, दोन्हीला कजा आणि वर कफ्फारा (प्रायश्चित्त). शाफई आणि हंबलींकडे कफ्फारा फक्त संभोगाला. आज कफ्फारा म्हणजे सलग दोन महिने रोजे, आणि खरंच ताकद नसेल तर ६० गरिबांना दोन वेळचं जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू केलं तर दोन चांद्र महिने, ते २९-२९ चे निघाले तर ५८ मध्ये सुटका. मध्येच सुरू केलं तर पूर्ण ६०. एक दिवस सुटला की पुन्हा एकपासून. बायकांची पाळी याला अपवाद. पाक झाल्यावर लगेच पुढे सुरू. सुरू करण्याआधी कॅलेंडर बघा: मध्ये रमजान, दोन्ही ईद किंवा जिलहिज्जाची (हजच्या महिन्याची) ११ ते १३ आली तर साखळी तुटते, कारण ईदला आणि त्या तीन दिवसांत रोजा मनाई आहे.

दातात अडकलेलं हरभऱ्याच्या दाण्याएवढं किंवा मोठं गिळलं तर रोजा गेला, त्याहून लहान असेल तर नाही. उलटी आपोआप झाली तर काही नाही. बोट घालून तोंडभर काढली तर गेला.

रिकामटेकडा

फजरची अजान संपेपर्यंत खाता येतं ना?

चंद्रकोर

हीच ती चूक. अजान वेळ सुरू झाल्यावर होते. सुबह सादिक (खरी पहाट) झाली की सहरी संपली, अजान कानावर पडो न पडो. उलट तक्त्यांत 'इम्साक' म्हणून दहा मिनिटं आधीची वेळ असते ती केवळ खबरदारी, त्या दहा मिनिटांत खाल्लं तर रोज्याला काही होत नाही.

नियतीचंही बघा. शाफई मतात रमजानची नियत रोज रात्रीच हवी. हनफींकडे दुपारच्या आधी, शरई दिवसाच्या (पहाट ते सूर्यास्त) अर्ध्यापर्यंत चालते. मालिकींकडे पहिल्या रात्री पूर्ण महिन्याची एकच नियत पुरते.

गणितमास्तर

अकरा दिवसांच्या त्या फरकामुळे २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस. आत्ताच नोंद करून ठेवा.

मुसाफिर

हजबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं. हजइतकी तपशीलवार दंडसंहिता बाकी कशातच नाही.

हनफी फर्ज तीन: इहराम (हजचा संकल्प आणि त्याची बंधनं), ९ जिलहिज्जाला अरफातच्या मैदानातला वुकूफ (थांबणं), आणि तवाफ-ए-जियारत (अरफातनंतरचा काब्याचा तवाफ). शाफई यात सई (सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या फेऱ्या) आणि केस काढणंही रुक्नांत धरतात. वुकूफची मुदत ९ च्या दुपारपासून १० च्या पहाटेपर्यंत. त्यात एक क्षणसुद्धा अरफातच्या हद्दीत नसाल तर हज गेला, कितीही बकरे कापा. मग उमरा (छोटी यात्रा) करून इहराम सोडायचा आणि पुढच्या वर्षी कजा. इथे खबरदारी: नमिरा मशिदीचा पुढचा भाग अरफातच्या बाहेर, उरना खोऱ्यात आहे. नमाज पढून तिथेच बसून राहिलात तर वुकूफ होत नाही. हद्दीच्या पाट्या बघून मागे सरका.

वाजिब चुकलं तर 'दम', म्हणजे एक बकरा किंवा मेंढी, आणि तो हरमच्या (मक्केच्या पवित्र क्षेत्राच्या) हद्दीतच कापायचा. मीकात (इहराम बांधण्याची ठरलेली हद्द) इहरामशिवाय ओलांडला: परत जाऊन इहराम बांधा, नाहीतर दम. पुरुषाने शिवलेले कपडे पूर्ण दिवस किंवा पूर्ण रात्र घातले: दम. त्याहून कमी: सदका, म्हणजे अर्धा साअ (जुनं धान्यमाप) गहू, सुमारे पावणेदोन किलो किंवा त्याची किंमत. लोक पट्ट्याच्या शिवणीला घाबरतात. पट्टा चालतो. 'शिवलेलं' म्हणजे अंगाच्या मापाने बेतलेलं. खरा धोका सुगंधी साबणाचा आणि ओल्या रुमालांचा.

मोजणीच्या चुका. तवाफ सात फेरे, हजरे अस्वदपासून (काब्याच्या काळ्या दगडापासून) हजरे अस्वदपर्यंत, काबा डावीकडे. काब्यालगतच्या हतीमच्या अर्धगोल भिंतीच्या आतून गेलात तर तो फेरा धरू नका. सईत सफा ते मरवा हा एक, मरवा ते सफा हा दुसरा, सातवा मरव्यावर संपतो. जाऊन-येऊन एक धरणारे चौदा घालतात, आणि तीन किलोमीटरच्या जागी सहा चालतात. सई सफ्यावर संपत असेल तर समजा मोजणी चुकली.

रमीचे, म्हणजे सैतानाची खूण असलेल्या खांबांना मारायचे, खडे १० ला सात, ११ आणि १२ ला एकवीस-एकवीस, एकूण ४९. १३ ला थांबलात तर ७०. मूठभर एकदम फेकले तर तो एकच खडा. खांबांच्या जागी २००४ पासून लांब भिंती आहेत. खडा भिंतीला लागणं गरजेचं नाही, खालच्या हौदात पडला पाहिजे. १० तारखेचे तीनपर्यंत खडे राहिले तर प्रत्येकी एक सदका, चार किंवा जास्त राहिले तर दम.

वजूशिवाय तवाफ-ए-जियारत केला तर हनफी मतात तवाफ झाला पण दम लागला, आणि वजू करून पुन्हा केला की दम माफ. शाफई मतात तो झालाच नाही. पाळीत बायका तवाफ सोडून सगळं करू शकतात, अरफात, मुजदलिफा, रमी, सगळं.

पाचवा पांडव

चौदा फेऱ्यांचा सवाब दुप्पट नाही का हो मिळत?

मुसाफिर

पायदुखी दुप्पट मिळते.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. पण आता नवीनच घोळ दिसतोय. रोज्यात विसरून खाल्लं तर माफ. नमाजेत विसरून बोललं तर? आणि इहरामात विसरून अत्तर लावलं तर? विसरणं तर तेच आहे.

किताबी

सगळ्यांत चांगला प्रश्न आता आला. हनफी मतात नमाजेत विसरून बोललात तर नमाज तुटते. इहरामात विसरून अत्तर लावलं तरी दंड आहे. रोज्यात विसरून जेवलात तरी काही नाही. शाफई तिन्ही ठिकाणी विसरणाऱ्याला बरीच सवलत देतात. नमाजेत विसरून थोडं बोललं तर चालतं, विसरून लावलेल्या अत्तराला दंड नाही.

हनफी फुकहांनी (फिकहच्या पंडितांनी) कारण दिलं आहे. नमाजेत माणूस किबल्याकडे तोंड करून हात बांधून उभा असतो, त्याची अवस्थाच त्याला सतत आठवण करून देते. इहरामात अंगावर दोन न शिवलेल्या चादरी असतात, त्याही आठवण देतात. तिथे विसरायला फारशी सबब नाही. रोजेदाराच्या अंगावर मात्र काहीच खूण नसते. तो बाजारात फिरतो, कामं करतो, पोट तर रोजच्या सवयीने मागणारच. म्हणून तिथे विसरणं माफ.

उंबरठा

आणि जकात? तिथे तर आठवण देणारं काहीच नाही. दोन वर्षं विसरली तर?

हिशेबनीस

तिथे माफीचा प्रश्न नाही, कारण पैसा आता हकदाराचा आहे. पहिल्या वर्षाची रक्कम काढा, ती देणं म्हणून वजा करा, उरलेल्यावर दुसऱ्या वर्षाची काढा. उरलेलं निसाबाच्या खाली गेलं तर दुसऱ्या वर्षाची लागत नाही. जुने हिशेब नसतील तर अंदाज थोडा जास्तच धरा.

चंद्रकोर

कलम्याचं कोणीच लिहिलं नाही. त्याला ना कजा, ना कफ्फारा, ना दम. दोन वाक्यांची ग्वाही आहे: अल्लाहशिवाय कोणी माबूद (उपास्य) नाही, आणि मुहम्मद अल्लाहचे रसूल (दूत) आहेत. उच्चार अडखळला तर पुन्हा म्हणा, एवढंच. आणि प्रत्येक अत्तहियातमध्ये तो येतोच, त्यामुळे फक्त फर्जच्या सतरा रकातींतच दिवसात नऊ वेळा म्हटला जातो.

गणितमास्तर

फजरची एक बैठक, बाकी चारींच्या दोन-दोन. नऊ. बरोबर आहे. मगरिबला शेवटच्या रकातीत पोचणाऱ्याचे दहा.